सोनेतारणातलं तारण आणि मरिया

गडहिंग्लजच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "8 सप्टेंबरला, मरियेच्या जन्मसणाच्या फ्लेक्सवर 'जगाची तारणहार मरियामाता' असं छापलं होतं. हे बरोबर आहे का? आणि हे 'तारण' म्हणजे पतसंस्थेच्या पाटीवरचं 'सोनेतारण' तेच का?"

पहिल्याचं उत्तर नाही. कॅथलिक श्रद्धेतसुद्धा नाही. तिथेही तारणारा येशू ख्रिस्तच, मरिया त्याची आई. तरी हा फ्लेक्स दरवर्षी कुठे ना कुठे झळकतो, आणि वर "तुम्ही कॅथलिक लोक तिला देवी मानता ना" असं आपणच कॅथलिकांना सुनावणारे कोल्हापुरात कमी नाहीत. अंबाबाईच्या गावात आई म्हटलं की देवी आठवणारच, हे समजू शकतं. पण मग बायबलातलं लूकचं शुभवर्तमान उघडा. 1:47 मध्ये खुद्द मरियाच देवाला "माझा तारणारा" म्हणते. जिला स्वतःला तारणारा आहे, ती जगाची तारणहार कशी होईल? शिवाय तारणहार हे रूप पुल्लिंगी, म्हणजे ते वाक्य व्याकरणातही बुडालं.

बुडालं म्हटलं, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच क्रियापदात आहे. तारण आलं 'तॄ' धातूपासून. तॄ म्हणजे पाणी ओलांडणं. तरणं, तारू, कोकणात माणसं पलीकडे नेणारी नाव ती 'तर', नदी ओलांडायची जागा ते तीर्थ, वरून खाली उतरतो तो अवतार, आणि आपला साधा उतार हे सगळं त्याच घरचं. सोनेतारणातलं तारण वेगळं, उच्चार योगायोगाने जुळला, असं सांगणारे विद्वान भेटतात. त्यांनी एकदा गुजरीतून, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातून, चक्कर मारावी आणि लोक पैशाबद्दल कोणती क्रियापदं वापरतात ते ऐकावं. पैसे बुडतात. कर्ज बुडीत खात्यात जातं. एखादी बँक बुडते, एखादी कशीबशी तरते. मराठीत पैसा पाण्यात असतो, मग तो बुडू नये म्हणून सावकाराने हाताशी ठेवलेल्या वस्तूला तारण सोडून दुसरं काय म्हणणार? माझ्या मते यापुढे वाद उरत नाही.

तारण म्हणजे गहाण, हेही सैल बोलणं आहे. गहाण 'ग्रहण'पासून आलं, त्यात वस्तू धरून ठेवायची असते. पाटल्या संस्थेच्या तिजोरीत जातात ते गहाण. ट्रॅक्टर शेतकऱ्याच्याच दारात राहतो आणि हक्क तेवढा कागदावर असतो, ते नजरगहाण. तारण या दोन्हींना पोटात घेतं.

आता गंमत पाहा. लॅटिनमध्ये ख्रिस्ताला 'रिडेम्प्टर' म्हणतात. 're' म्हणजे परत आणि 'emere' म्हणजे विकत घेणं, म्हणून किंमत मोजून परत घेणारा. मराठीत सांगायचं तर तो गहाण सोडवणारा. आपण त्यालाच तारणारा म्हणतो, म्हणजे नावेत घेणारा. एकीकडे सराफाचं दुकान, दुसरीकडे पंचगंगेचा पूर! मराठी बायबलात किंमतीची कल्पना येते ती मार्क 10:45 मध्ये, आणि तिथे शब्द आहे 'खंडणी'. आजचा वर्तमानपत्र वाचणारा माणूस तिथे दचकतो, त्याला इलाज नाही.

मरियेबद्दलचा खरा वाद याच लॅटिन शब्दावर झाला. तिला 'को-रिडेम्प्ट्रिक्स', म्हणजे ख्रिस्ताबरोबरीने सोडवणारी, ही अधिकृत उपाधी द्यावी, अशी मागणी काही कॅथलिक वर्षानुवर्षं करत होते. 4 नोव्हेंबर 2025 ला व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धान्त विभागाने ही उपाधी उचित नाही असं स्पष्ट केलं. ज्या उपाधीला दरवेळी खुलासा जोडावा लागतो ती कामाची नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मला तो भाषेच्या अंगानेही पटतो. मराठीत कुणी 'सहतारिका' असं रूप सुचवतात. चित्रपटांच्या या गावात सहतारिका म्हणजे नायिकेची मैत्रीण, दुसरं काही नाही.

तारका आणि तारक यांचाही संबंध नाही, बरं का. ताऱ्याचं मूळ ऋग्वेदातल्या 'स्तृभिः'मध्ये सापडतं, आणि फारसी सितारा व लॅटिन 'स्टेला' त्याच वंशातले. मरियेला 'स्टेला मारिस', म्हणजे सागरतारका, म्हणतात तेही बहुधा पोथी उतरवून घेणाऱ्याच्या चुकीने. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने तिच्या नावाचा अर्थ 'स्टिला मारिस', समुद्राचा थेंब, असा दिला होता असं मानतात. एका अक्षराने थेंबाचा तारा झाला, आणि खलाशांनी तो आनंदाने डोक्यावर घेतला.

मग तिची भूमिका कोणती? होकाराची. "आपण सांगितल्याप्रमाणे मला होवो" (लूक 1:38). देवाने निवडली, तिने मोकळ्या मनाने हो म्हटलं. 1854 मध्ये पोप नववे पायस यांनी जाहीर केलेला निष्कलंक गर्भसंभव हा तिच्या स्वतःच्या, तिच्या आईच्या पोटातल्या, गर्भधारणेबद्दल आहे: माणसाला जन्मतःच चिकटणारं मूळ पाप तिला पहिल्या क्षणापासून शिवलं नाही. येशूच्या जन्माशी त्याची गल्लत करू नका. त्याचा सण 8 डिसेंबरला, तिचा जन्म 8 सप्टेंबरला, मधले नऊ महिने मोजून घ्या. इतरांना बुडाल्यावर वर काढलं, तिला पाण्यात पडूच दिलं नाही. पण तेही ख्रिस्ताच्याच पुण्याईवर, क्रुसाच्या आधी मिळालेली उचल म्हणा. म्हणजे तीही तारलेलीच.

फ्लेक्सवर 'तारणाऱ्याची आई मरिया' लिहा, चूक होणार नाही. आणि छापणाऱ्याला बजावून सांगा: 'मरियाचा सण' नको, 'मरियेचा सण'. सुनीताला, गीताला ही हल्लीची रूपं चालतात, पण मरिया सीतेच्या रांगेतली आहे.