आधी एक्सेलच्या फायली गोळा कर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी दादर स्टेशनच्या जिन्यात होतो. त्या गर्दीत ‘बघू, सांगतो’ एवढंच म्हणता आलं. आता निवांत लिहितोय. पोर्टफोलिओ सांभाळणारं नवं सॉफ्टवेअर घ्यायचंय, तीन व्हेंडर निवडलेत, पुढच्या आठवड्यात डेमो आहेत आणि तिथे काय विचारायचं, असा तुझा प्रश्न. माझं पहिलं उत्तर तुला आवडणार नाही. डेमो पंधरा दिवस पुढे ढकल.

त्या पंधरा दिवसांत एकच काम कर. तुमच्या ऑफिसात कोण कुठली एक्सेलची फाईल रोज उघडतं ते शोध आणि त्या सगळ्या फायली गोळा कर. साहेबांना विचारू नकोस, त्यांना त्या माहीत नसतात. बॅक ऑफिसातल्या पोरांशेजारी खुर्ची टाकून बस, सकाळी पहिला कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून रात्री शेवटचा माणूस उठेपर्यंत. ‘फी फायनल नवीन २’ अशा नावाची एखादी फाईल सापडेलच. कस्टोडियनकडच्या, म्हणजे ग्राहकांचे शेअर जपून ठेवणाऱ्या संस्थेकडच्या, शेअरशी ताळा घालायची एक असेल, लाभांश आला की नाही बघायची एक, आणि कोणीतरी तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसानं केलेली एक, जिला हात लावायला सगळे घाबरतात. जुन्या सॉफ्टवेअरनं जिथे जिथे हात टेकले, तिथे तिथे एकेक फाईल जन्मलेली असते. व्हेंडरला द्यायची गरजांची यादी तुला वेगळी लिहायची गरजच नाही. ती ऑफिसात आधीच लिहून ठेवलेली आहे.

कन्सल्टंट दोनशे कलमांचा तक्ता पाठवतील आणि तिन्ही व्हेंडर सगळ्या कलमांपुढे ‘होय’ लिहून देतील. मी आजवर ‘नाही’ लिहिलेला तक्ता पाहिलेला नाही.

आणखी एक, तुमची पीएमएस आहे, म्हणजे एकेका ग्राहकाचा पोर्टफोलिओ वेगळा सांभाळणारी सेवा. म्युच्युअल फंडाच्या योजनेचं खातं एकच, तुमच्याकडे मात्र जितके ग्राहक तितकी खाती. किमान ५० लाख रुपये घेऊन आलेल्या प्रत्येकाचं डीमॅट निराळं, खरेदीच्या तारखा निराळ्या, फीचा करार निराळा. फंड मॅनेजर सकाळी एकच ऑर्डर टाकतो, पण संध्याकाळी ती अडीचशे जणांत सरासरी भावानं वाटायची असते. म्हणून मोठ्या फंड हाऊसमध्ये झकास चालणारं सॉफ्टवेअर तुमच्याकडे धापा टाकू शकतं. ब्लॅकरॉकचं अलाद्दीन किंवा सिमकॉर्प ही जगातल्या बड्या फंडांच्या सॉफ्टवेअरची नावं मीटिंगमध्ये कोणीतरी घेईलच. घेऊ देत. अडीचशे ग्राहकांच्या पीएमएसनं ते घेणं म्हणजे चाळीतल्या लग्नाला वानखेडे भाड्यानं घेणं.

आता डेमो. व्हेंडर स्वतःचा नमुना डेटा आणतो आणि त्यात प्रत्येक शेअर शहाण्यासारखा वागतो. त्यांना सांग, डेटा आमचा (ग्राहकांची नावं आधी काढून टाक), प्रसंग आमचे, आणि कीबोर्डवर आमचा माणूस बसेल. प्रसंग मी देतो.

पहिला रिलायन्सचा. २० जुलै २०२३ ला रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, एकाला एक शेअर. त्या सकाळी एनएसईवर खास सत्र होऊन नव्या शेअरचा भाव २६१.८५ रुपये निघाला, पण तो बाजारात आला थेट २१ ऑगस्टला. म्हणजे महिनाभर ग्राहकाच्या मालकीचा, पण विकता न येणारा शेअर. तो त्या महिन्यात पोर्टफोलिओत कुठे आणि कुठल्या भावानं दिसतो? मूळ खरेदी किंमत ९५.३२ आणि ४.६८ टक्के अशी विभागायची होती, तीही प्रत्येक ग्राहकाच्या प्रत्येक खरेदीला वेगवेगळी. नव्या शेअरला खरेदीची तारीख जुन्याचीच लागते. सॉफ्टवेअरनं तिथे २०२३ ची तारीख घातली की दहा वर्षांपूर्वीचा शेअर करासाठी अल्पमुदतीचा होतो आणि ग्राहकाचा सीए तुम्हाला फोन करतो.

दुसरा रिलायन्सच्याच २०२० च्या राइट्सचा, म्हणजे जुन्या भागधारकांना देऊ केलेल्या नव्या शेअरचा. १२५७ रुपयांचा शेअर, पैसे तीन हप्त्यांत: अर्जाबरोबर ३१४.२५, मे २०२१ मध्ये तेवढेच, नोव्हेंबर २०२१ मध्ये ६२८.५०. अर्धवट भरलेल्या शेअरचा आयएसआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, वेगळा, पूर्ण भरल्यावर तो मूळ शेअरमध्ये मिसळला. मधल्या काळात एका ग्राहकानं निम्मे विकले, असं गृहीत धर आणि सोडवायला सांग.

तिसरा १ जुलै २०२३ चा, एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली तेव्हाचा. कंपनीच्या २५ शेअरना बँकेचे ४२. ज्याच्याकडे १० शेअर त्याला १६ आणि वर ०.८ चे पैसे, तेही नंतर. ते पैसे बँकेत आल्यावर कुठल्या खात्याचे, हे सॉफ्टवेअरला कळतं की पुन्हा एक्सेल उघडावं लागतं, ते बघ.

आणि करांचं एक. २३ जुलै २०२४ ला, आर्थिक वर्ष चालू असताना मध्येच, बजेटमुळे शेअरवरच्या दीर्घमुदतीच्या नफ्याचा दर १० वरून १२.५ टक्के झाला आणि अल्पमुदतीचा १५ वरून २०. ज्यांच्याकडे दर तारखेनुसार साठवलेला असतो त्यांनी एक ओळ वाढवली. ज्यांनी तो प्रोग्रॅममध्येच कोरून ठेवला होता, त्यांच्याकडून आधी कोटेशन आलं असणार. व्हेंडरला विचार, त्या बजेटनंतर तुमच्या ग्राहकांना बदल किती दिवसांत मिळाला आणि त्याचे पैसे लावलेत का. उत्तराआधी तो किती वेळ गप्प बसतो तेही बघ.

एवढ्या बारकाव्यांत का शिरायचं म्हणतेस? माझ्या एका जुन्या नोकरीतली गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव नको. एका शेअरला एकाला एक बोनस होता. एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून भाव बोनस वगळून चालतो त्या दिवशी, बाजारभाव निम्मा झाला, सॉफ्टवेअरनं तो इमानेइतबारे उचलला, पण येणार असलेले बोनस शेअर धरलेच नाहीत. त्या काळी ते जमा व्हायला दिवसच्या दिवस लागायचे. रात्री ग्राहकांना आपोआप ई-मेल गेले. सकाळी नऊला एका निवृत्त डॉक्टरांचा फोन, आवाज थरथरत होता, ‘माझे पैसे गेले कुठे?’ मी त्यांना समजावलं, त्यांना पटलं, पण पुढच्या तिमाहीत त्यांनी खातं बंद केलं. आता बोनसचे शेअर दोन दिवसांत विकता येतात, पण ते दोन दिवसही कोणीतरी भरून काढावेच लागतात.

फीचं तर सगळ्यात आधी तपास. एप्रिलमध्ये एक कोटी भरले, ऑक्टोबरमध्ये आणखी ४० लाख, जानेवारीत २० लाख परत घेतले, आणि नफ्यावरची फी हाय वॉटर मार्कनं, म्हणजे आधीच्या सर्वोच्च पातळीच्या वर जेवढं जाईल तेवढ्यावरच. असा एक ग्राहक घे, ३१ मार्चची फी तुमच्या माणसाला कागदावर काढायला सांग आणि मग सॉफ्टवेअरला. पीएमएसमध्ये रुपया चुकला की तो कोणातरी एका माणसाचा चुकतो.

आता वाईट संध्याकाळीबद्दल. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेत बँक ऑफ न्यूयॉर्क मेलन कितीतरी फंड कंपन्यांची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचं रोजचं मूल्य, काढून देत होती, सनगार्डच्या इन्व्हेस्टवन या सॉफ्टवेअरवर. शनिवारी, २२ तारखेला, सनगार्डनं ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बदल केला आणि यंत्रणा बिघडली. पर्यायी यंत्रणाही तिच्याबरोबर गेली. सोमवारी बाजार उघडताच तिथला डाऊ निर्देशांक हजारावर अंकांनी कोसळला, आणि नेमक्या त्या आठवड्यात शेकडो फंडांना आपली खरी एनएव्ही वेळेवर सांगता येईना. माणसं हातानं आकडे काढत बसली. म्हणून प्रत्येक व्हेंडरला विचार: तुमची पर्यायी यंत्रणा कुठून डेटा घेते? मुख्य यंत्रणेत घाण शिरली तर ती तिथेही पोचते का? शेवटचा सराव कधी केला, आणि तो खरोखर पर्यायी यंत्रणेवर दिवसभर काम करून केला की नुसतं लॉगिन करून? सायबर सुरक्षा, क्लाउड, डेटा भारतात ठेवणं यांची सेबीची चौकट आहे, ती तुमचे कंप्लायन्सवाले बघतील. त्यात तू वेळ घालवू नकोस.

संदर्भ म्हणून व्हेंडर जे ग्राहक देईल त्यांच्या सीईओंना फोन करू नकोस, सही त्यांनीच केलेली असते. तिथल्या बॅक ऑफिसातल्या माणसाला गाठ, चहाला ने, आणि एवढंच विचार: गेल्या ३१ मार्चला रात्री सपोर्टच्या माणसानं फोन उचलला का? डेमोत जो चटपटीत गृहस्थ येतो तो नंतर दिसत नाही. फोनवर जो येणार आहे त्याला आधी भेटायचा हट्ट धर. आणि ‘रोडमॅपवर आहे’, म्हणजे ‘पुढे कधीतरी करू’, असं कोणी म्हणालं की यादीत ‘नाही’ लिही.

पैशांबद्दल थोडकं. पैसे एयूएमच्या, म्हणजे तुम्ही सांभाळता त्या एकूण रकमेच्या, टक्क्यानं देऊ नका, बाजार चढला की व्हेंडरचं बिल तुम्ही काही न करता चढतं. एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभालीचे, दर पाच वर्षांसाठी बांधून घे. (आपल्या धंद्यात एएमसी म्हणजे फंड कंपनी की वार्षिक देखभालीचा करार, यावरून एका मीटिंगमध्ये वीस मिनिटं वाद झालेला मी पाहिला आहे. करारात पूर्ण शब्द लिही.) आणि निघून जायचं कलम आत्ताच, प्रेमात असताना लिहून घे: सोडताना प्रत्येक खरेदीची तारीख, किंमत, सगळ्या कॉर्पोरेट अॅक्शनचा (बोनस, राइट्स, विलीनीकरण वगैरे) इतिहास वाचता येईल अशा स्वरूपात, ठरलेल्या दिवसांत आणि वेगळे पैसे न घेता.

तो इतिहास आत्ताही तुला जुन्या व्हेंडरकडून काढायचाच आहे, आणि खरं काम तिथे आहे. नुसत्या शिलकी उचलून नव्या घरात ठेवल्या तर ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरचा कर, ज्यांची खरेदी किंमत वेगळ्या नियमानं धरतात, पुढे कधीच नीट निघणार नाही. दोन्ही यंत्रणा शेजारी शेजारी किमान एक तिमाही चालव आणि त्या तिमाहीत ३१ मार्च येऊ दे. पोरं वैतागतील, दुप्पट काम आहे. त्यांच्या जेवणाचं आणि रात्रीच्या टॅक्सीचं बजेट आधीच मंजूर करून घे, मागून कोणी देत नाही.

फायली जमल्या की एखाद्या शनिवारी घरी ये, दुपारी जेवायलाच. ती सोडून गेलेल्या माणसाची फाईल आधी उघडू. मला वाटतं त्यात निम्मं तरी फीचंच असेल, आणि त्याचा नंबर कोणाकडे असला तर तोही घेऊन ये.

तुझा,
सर