कुंडीतलं कुंडीत, बाजारातलं बाजारात

पाऊस तोंडावर आला की सगळ्यांना एकदम बाग सुचते, त्यामुळे या वेळी प्रश्नांचा नुसता पाऊस पडलाय. त्यातले चार घेतेय.

ताई, आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी पूर्वेला आहे, ऊन सकाळी दहा-साडेदहापर्यंतच. टोमॅटो, वांगी, कांदे सगळं घरचंच खायचं ठरवलंय. किती कुंड्या लागतील?

आधी ते "सगळं घरचंच" डोक्यातून काढा बरं. टोमॅटो-वांग्याला निदान सहा तास कडक ऊन लागतं, तुमच्याकडे तीन-साडेतीन तास येतंय, म्हणजे झाड नुसतं उंच वाढणार आणि फळाच्या नावाने बोंब. आणि कांदा? अहो, लासलगाव हाकेच्या अंतरावर असताना कुंडीत कांदा कशाला, तीन-चार महिने पाणी घालायचं आणि एका रोपाला शेवटी एकच कांदा!

माझा हिशोब सोपा आहे. जे तोडल्यावर तासाभरात मान टाकतं ते घरी लावायचं, जे पोत्यात टिकतं ते शेतकऱ्याकडून घ्यायचं. तुमच्या फ्रिजमधून दर आठवड्याला काळं पडून काय फेकलं जातं बघा. कोथिंबीर, पुदिना, पालक, मेथी, हेच ना? हे सगळं तुमच्या त्या तीन तासांच्या उन्हात येतं, पुदिन्याला तर त्याहून कमीही चालतं.

यासाठी खोल कुंडी नको, सहा ते आठ इंच खोलीचा पसरट टब घ्या, तळाला भोकं हवीतच. धणे अख्खे टाकू नका, पोळपाटावर घेऊन लाटणं हलकंच फिरवायचं म्हणजे एका धण्याच्या दोन फाका होतात, रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी पेरायचे आणि वर अर्धा इंच माती. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही, तेव्हा उकरून बघायचा मोह होतो, तो आवरा. मेथीचं तसं नाही, डब्यातली मेथी टाकली तरी चार-पाच दिवसांत वर येते आणि महिन्याभरात भाजी. कोथिंबीर मुळासकट उपटू नका, कात्रीने वरवर कापा, परत फुटते. एप्रिल-मेमध्ये मात्र नाशिकच्या उन्हात कोथिंबीर लगेच फुलावर जाते, तेव्हा तिच्या मागे न लागता लाल माठ टाका, तो मजेत येतो.

आणि एक, वजन. बारा बाय बारा इंचाची ग्रो बॅग (झाडं लावायची पिशवी) नुसत्या मातीने भरून भिजवली की ३० किलोच्या पुढे जाते. अशा दहा बॅगा ओळीने मांडायच्या आधी बाल्कनीचा विचार करा. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट घातलं की बरंच हलकं होतं.

ओल्या कचऱ्याचं खत बादलीत सुरू केलं, पण वास येतो आणि अळ्या झाल्यात. सासूबाई म्हणतात घंटागाडीत टाकून दे. काय करू? (गंगापूर रोड)

सासूबाईंना थोडं थांबवा. वास येतोय म्हणजे आत हवा नाही आणि ओलं जास्त झालंय. एक वाटी ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या सुकं, हे प्रमाण ठेवा. सुकं म्हणजे वाळलेली पानं (सोसायटीच्या झाडाखाली फुकट मिळतात, वॉचमनदादांना सांगून ठेवा), अंड्याचे ट्रे फाडून, नारळाच्या शेंड्या. बादलीला बाजूनेही भोकं पाडा, दर तीन-चार दिवसांनी खालीवर करा. त्या जाड, करड्या अळ्या बहुतेक काळ्या सोल्जर माशीच्या असतात, त्या कचरा खाऊन फस्त करतात, चावत नाहीत. दिसायला किळसवाण्या आहेत हे मान्य. द्राक्षांच्या सीझनमध्ये चिलटं हमखास होतात, तेव्हा वरचा थर कायम सुक्या पानांचाच ठेवा.

"सेंद्रिय" लिहिलेली भाजी दुप्पट भावाने घेतो. खरी कशावरून?

पॅकेटवर असेल तर "जैविक भारत"चा लोगो बघा, त्यामागे एनपीओपी (सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएस-इंडियाचं सर्टिफिकेट असतं. पीजीएसमध्ये शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात, खर्च कमी, म्हणून छोट्या शेतकऱ्याला परवडतं. तिथेही नुसतं "ग्रीन" असेल तर शेत अजून सेंद्रियकडे वळतंय असं समजा. पण वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाने थेट गिऱ्हाईकाला विकलं तर त्याला हे सर्टिफिकेट सक्तीचं नाही, त्यामुळे लोगो नाही म्हणजे माणूस खोटा असं अजिबात नाही. त्याला सरळ विचारा, मावा (बारीक कीड) पडला की काय मारता? खरं करणारा निंबोळी अर्क, दशपर्णी, किती दिवसांनी फवारतो, यंदा किती माल गेला, सगळं न थांबता सांगतो. "आमच्याकडे कीडच पडत नाही" म्हणणाऱ्याकडून मी तरी घेत नाही. आणि बारा महिने फ्लॉवर मागणारं गिऱ्हाईक आपणच असतो, हेही जरा बघा.

बुधवारच्या बाजारात गंगाघाटावर शेवळं (रानभाजी) मिळाली, भाजी केली तर घसा खाजला. फेकून द्यावी का?

पुढच्या वेळी विकणाऱ्या मावशींकडून काकडंही (आंबट रानफळं) मागून घ्या, नसतील तर चिंच किंवा आमसूल. शेवळात सुरणासारखे बारीक टोचरे स्फटिक असतात, त्यावर आंबट लागतंच. वरची सालं सोलायची, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं, मग काकडांचा रस घालून नीट शिजवायचं, घाई करायची नाही. आत्ता केलेली मात्र खाऊ नका, टाकून द्या.