नव्या अंगणवाडी सेविकेला चार गोष्टी

अगं, रुजू झालीस, अभिनंदन! गाणी-गोष्टी तुला येतातच, म्हणून आधी वजनाबद्दल सांगते. महिनाअखेरीस पोषण ट्रॅकर, म्हणजे मुलांच्या वजन-उंचीची नोंद करायचं सरकारी अ‍ॅप, भरायची घाई असते, नेटवर्क नसतं आणि नेमकं एखादं पोर आलेलं नसतं. मागच्या आकड्यात शंभर ग्रॅम वाढवून टाकावेसे वाटतात. टाकू नकोस. घरी जाऊन वजन घे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. नोंद खरी असेल तरच त्याला ग्राम बाल विकास केंद्रातला जादा आहार मिळेल. अहवाल चांगला दिसावा म्हणून कुणी आकडा बदलायला सांगितला, तरी नाही म्हण. कितीही वरचं माणूस असो.

चार आयांसमोर "हा लालमध्ये आहे", म्हणजे तीव्र कुपोषित आहे, असं बोलू नकोस. त्या आईला बाजूला घेऊन सांग, नाहीतर पुढच्या महिन्यात ती फिरकणारच नाही.

घरातली भांडणं, बापाची दारू, मुलं भाबडेपणाने सगळं सांगून टाकतात. ते मदतनीसताईंशी गप्पा मारतानाही निघता कामा नये. पण मुलावर अत्याचार होतोय असा संशय आला तर गप्प बसायचं नाही. लैंगिक अत्याचाराची खबर देणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो. मुलाला खोदून विचारू नकोस, ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेव.

आणि मुलांचे फोटो स्टेटसला लावायचे तर आधी आईबापांना विचार.