वाचकांचे प्रश्न : रंगमंचावरच्या मुखवट्याची प्रतिकृती

प्रश्न : आमच्या नाट्यसंस्थेकडे अनेक प्रयोगांत वापरलेला, कागदाच्या लगद्याचा एक रंगवलेला मुखवटा आहे. तो आता खिळखिळा झाल्यामुळे नव्या प्रयोगांसाठी त्याच्या प्रतिकृती करायच्या आहेत. मूळ मुखवट्यावरच प्लास्टर किंवा सिलिकॉन रबर ओतून साचा घेता येईल का?

उत्तर : कृपया तसे करू नका. लगदा ज्या खळीने किंवा सरसाने बांधलेला असतो ती पाण्याने मऊ पडते, त्यामुळे ओल्या प्लास्टरखाली मुखवटा फुगतो आणि साचा सोडवताना रंगाचे पापुद्रे निघून येतात. सिलिकॉन रबरात पाणी नसले, तरी त्यातले तेल सच्छिद्र पृष्ठभागात मुरून कायमचा डाग पडू शकतो. शिवाय रंगाला तडे गेले असतील, तर रबर त्या भेगांत शिरते आणि उचलताना रंग उपटते.

मूळ मुखवट्याला धक्का न लावणारा मार्ग थोडा लांबचा आहे. एकसारख्या, पसरलेल्या उजेडात मुखवट्याची आतून-बाहेरून, सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. लागोपाठच्या दोन चित्रांत निम्म्याहून अधिक भाग सामाईक असावा आणि शेजारी मोजपट्टी असावी. त्यांवरून संगणकावर त्रिमितीय आकृती तयार करून थ्रीडी प्रिंटरवर तिची घन प्रत काढता येते, आणि साचा त्या प्रतीवरून घ्यावा. ही सोय नसल्यास कपाळ ते हनुवटी, गाल, नाक यांच्या उंचसखलपणाचे पुठ्ठ्याचे फर्मे कापून त्यांच्या आधारे मातीत नमुना घडवावा. जपानच्या नोह रंगभूमीसाठी मुखवटे कोरणारे कारागीर जुन्या मुखवट्यांच्या प्रतिकृती फर्म्यांच्याच मदतीने करतात. लगदा वाळताना आक्रसतो, म्हणून आधी एक चाचणीचा तुकडा वाळवून मोजावा आणि नमुना तेवढ्या प्रमाणात मोठा ठेवावा.

माझ्या मते चांगल्या दिसणाऱ्या प्रतिकृतीही रंगमंचावर फसतात, त्या आतल्या बाजूकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. मुखवटा उलटा करून नीट पाहा : कपाळाजवळ घामाने काळवंडलेली कापडी पट्टी, नाकापाशी मागाहून चिकटवलेली गादी, डोळ्याच्या भोकाची कानशीने वाढवलेली कड, नाडीसाठी जुन्या भोकाच्या जरा वर पाडलेले दुसरे भोक. नटाने आपल्या गरजेप्रमाणे करून घेतलेले हे बदल असतात आणि मुखवटा चेहऱ्यावर किती कलता बसेल, हे त्यांवरच ठरते. नोहमध्ये तोच मुखवटा किंचित वर उचलला की उजळ आणि खाली झुकवला की खिन्न भासतो. यावरून गादीची जाडी आणि नाडीची जागा मोजून, लिहून ठेवणे किती आवश्यक आहे, हे आपल्या लक्षात येईल.

प्रश्न : ओरखडे आणि झीज प्रतिकृतीत उतरवावी का?

उत्तर : प्रदर्शनासाठी असेल तर अवश्य उतरवावी, नोहच्या प्रतिकृतींमध्ये उडालेला रंगही हुबेहूब दाखवण्याची परंपरा आहे. प्रयोगासाठी मात्र मूळ घडण आणि आतले बदल घ्यावेत, तडे घेऊ नयेत. वारंवार रंगवल्याने भुवया-ओठांच्या कडा बोथट झालेल्या असतात, तेव्हा रंग उडालेल्या टवक्याची कड भिंगाखाली पाहून खालचा पहिला रंग ओळखावा आणि तोच वापरावा. प्रत्येक प्रतिकृतीच्या आतल्या बाजूस 'प्रतिकृती' असा शब्द आणि वर्ष न पुसणाऱ्या शाईने लिहावे, म्हणजे पुढे कोणी तिला मूळ मुखवटा समजणार नाही.