पांढऱ्या फुलाला रंग चढलाच नाही, काय चुकलं असेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पाचवीत आहे, झाड पाणी वर कसं नेतं हे तिला विज्ञान प्रदर्शनात दाखवायचंय. व्हिडिओत सगळे सेलरी (जाड देठांची परदेशी पालेभाजी) नाहीतर कार्नेशनचं फूल वापरतात, ते नाशिकमध्ये सहज मिळेना, म्हणून तुम्ही पांढरा गुलाब आणून हळदीच्या पाण्यात रात्रभर ठेवला. सकाळी फूल जसंच्या तसं. चुकलं काय, आणि सेलरीऐवजी दुसरं काय चालेल?

मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. हा प्रयोग दरवर्षी कुणाचा ना कुणाचा फसतो, आणि त्यात निम्म्या वेळा हळदच असते. हळद पाण्यात विरघळत नाही. ढवळल्यावर पाणी पिवळं दिसतं खरं, पण ते तरंगणारे बारीक कण असतात. पेला तासभर न हलवता ठेवा, तळाशी गाळ दिसेल. दांडीतल्या पाण्याच्या नळ्या केसाहूनही बारीक, त्यांच्या तोंडाशीच हे कण अडकतात. कुंकू, रांगोळीचे रंग, पावडरची नीळ यांचंही तेच. पाण्यात पुरता विरघळणारा रंग हवा, म्हणजे जिलेबी-बुंदीत घालतात तो खायचा रंग. रविवार कारंज्याच्या आसपास कुठल्याही किराणा दुकानात मिळेल. नाहीतर शाईच्या पेनाची लाल शाई घ्या. रंग लाल किंवा निळाच घ्या, पिवळा चढला तरी पांढऱ्यावर उठून दिसत नाही. आणि रंग घालताना हात आखडू नका. पाणी काळपट दिसायला लागेल इतका घाला. फिकट गुलाबी सरबतासारख्या पाण्याने फुलावर काही म्हणता काही दिसत नाही.

दुसरी गोष्ट, रात्रभर ठेवणं. पानांवरची बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, अंधारात बहुतेक मिटलेली असतात, त्यामुळे पाण्याची ओढ मंदावते. हा प्रयोग दिवसा करायचा, खिडकीशी, जिथे उजेड आहे आणि थोडा वारा खेळतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी पानांच्या शिरा तासा-दोन तासांत रंगू लागतात. श्रावणात झड लागली असेल तर तेच काम रेंगाळतं. हा प्रयोगातला दोष नाही. उलट मुलीला वहीत लिहायला चांगला मुद्दा आहे.

तिसरी गोष्ट दांडीची. दुकानातला गुलाब तोडून किती वेळ झाला ते आपल्याला ठाऊक नसतं. कापलेल्या टोकातून नळ्यांमध्ये हवा शिरते आणि पाण्याची सलग धार तुटते. विहिरीवरच्या मोटरीने हवा धरली की पाणी सोडते, तसंच. म्हणून दांडीचं टोक पाण्यात बुडवायचं आणि पाण्यातच दोन सेंटिमीटर तिरकं कापायचं, मग लगेच रंगाच्या पेल्यात. हे कापण्याचं काम मुलीला देऊ नका, ओल्या हातात ब्लेड निसटतं.

आता सेलरीऐवजी काय. नाशिकला फुलांची काय कमी! गणेशवाडीच्या फुलबाजारात जा, पण तिथे बहुतेक शेवंती हारासाठी सुटी, बिनदांडीची मिळते, ती उपयोगाची नाही. दांडी आणि पानांसकट पांढरी शेवंती मागा, नाहीतर गुच्छवाल्यांकडे बघा. गुलछडीलाही रंग छान चढतो. बाजारात निळी-गुलाबी गुलछडी दिसते ती अशीच रंगाचं पाणी पाजून केलेली असते. फूल नसलं तरी अडत नाही, जाड दांड्यांची कोथिंबीर चालते.

माझी पहिली पसंती मात्र तेरड्याला. पावसाळा असेल तर डोळे मिटून तेरडा घ्या. गौरी-गणपतीच्या दिवसांत बाजारात जुड्या येतात, कुणाच्या परसातही असतो. (अंजनेरीवर फिरायला गेलात तर तिथला उपटू नका, तो डोंगर राखीव आहे.) तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, आपल्याला तीन तासही पुष्कळ झाले. त्याचं खोड पाणीदार आणि जवळजवळ पारदर्शक असतं. माती धुऊन रोप लाल पाण्यात उभं केलं की खोडाच्या आतून लाल रेघा वर सरकलेल्या बाहेरूनच दिसतात, चिरावं लागत नाही. दर दहा मिनिटांनी पट्टीने उंची मोजून लिहिली की पाचवीच्या मुलीचा तक्ता तयार.

चिरून बघण्यातही मजा आहे. शेवंतीची रंगलेली दांडी आडवी कापा आणि भिंगातून बघा. कडेला गोलाकार रांगेत लाल ठिपके दिसतील. गुलछडीची कापा, ठिपके सगळीकडे विखुरलेले, जणू कुणी शिंपडलेत. पहिली द्विदल, दुसरी एकदल. पुस्तकातलं हे वर्गीकरण मुलं पाठ करतात, इथे ते बोटावर धरून दिसतं. प्रत्येक लाल ठिपका म्हणजे पाण्याच्या नळ्यांचा जुडगा. या नळ्यांना पुस्तकात जलवाहिन्या म्हणतात. पाकळ्याही नीट बघा. रंग कडेला जास्त गडद होतो, कारण तिथपर्यंत पोचलेलं पाणी उडून जातं आणि रंग मागे उरतो.

इथपर्यंतचं सगळे करतात. प्रदर्शनात अशी रंगीत फुलं दहा टेबलांवर असतील आणि परीक्षक विचारतील, "बाळ, पाणी वर का चढलं?" बहुतेक मुलं म्हणतात, "मुळं पाणी ओढतात." अहो, पण पेल्यातल्या दांडीला मुळं आहेतच कुठे! तरी पाणी चढलं. म्हणजे निदान इथे तरी खालून ढकलणारं कुणी नाही, ओढणारं वर आहे. माझ्या मते हेच दाखवण्यासारखं आहे, रंग हे फक्त साधन.

त्यासाठी तीन सारखे पेले घ्या, पाण्याची पातळी सारखी. एकात पानांसकट दांडी, दुसऱ्यात सगळी पानं खुडलेली, तिसऱ्यात पानांसकट, पण वरून प्लॅस्टिकची पिशवी सैलसर बांधलेली. तिन्ही दांड्या एकाच जातीच्या आणि सारख्या जाडीच्या हव्यात. पेल्यात वर गोडेतेलाचा पातळ थर सोडा, म्हणजे पेल्यातलं पाणी आपोआप उडून हिशेब बिघडणार नाही. पातळीवर मार्करने खूण करा. संध्याकाळपर्यंत पहिल्या पेल्यातलं पाणी सर्वांत जास्त उतरलेलं असतं. बिनपानांच्या दांडीचं जेमतेम हलतं. पिशवीच्या आतून थेंब जमतात. ते पाणी पानांतून आलं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

पानांतून पाणी वाफ होऊन उडतं, त्याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. झाड मुळांवाटे जे पाणी घेतं, त्यातलं 95 टक्क्यांहून अधिक असं हवेत जातं. उडालेल्या पाण्याची जागा घ्यायला मागचं पाणी ओढलं जातं, त्याच्यामागचं त्याला धरून असतं, आणि अशी अख्खी धार खालपर्यंत ताणली जाते. ही कल्पना डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी 1894 साली मांडली आणि आजही तीच मानली जाते. त्याच दशकात जर्मनीत श्ट्रासबुर्गर यांनी उंच झाडं बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभी केली होती. वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या तरी द्रावण वर चढतच राहिलं. जलवाहिन्या स्वतः मेलेल्या पेशींच्याच बनलेल्या असतात, त्या काही जोर लावत नाहीत.

"केशाकर्षणाने चढतं", म्हणजे बारीक नळीत पाणी आपसूक वर सरकतं, हे उत्तरही तुम्हाला जागोजाग सापडेल. ते अर्धवट आहे. टिश्यू पेपर रंगीत पाणी वर ओढतो ते केशाकर्षणच, आणि झाडातही त्याचा वाटा आहे. पण हिशेब करून बघा: 0.04 मिलिमीटर रुंदीच्या नळीत पाणी केशाकर्षणाने फार तर पाऊण मीटर चढतं. तेरड्याला तेवढं पुरेल. रस्त्याकडेच्या निलगिरीला कसं पुरायचं?

आता मुळं अगदीच काही करत नाहीत का? करतात, आणि ते बघायला नाशिकइतकी सोयीची जागा नाही. दिंडोरी-निफाडकडे ओळखीत कुणाची द्राक्षबाग असेल तर छाटणीच्या वेळी मुलीला घेऊन जा, एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी. छाटणीनंतर काडीच्या कापलेल्या टोकातून स्वच्छ पाण्याचे थेंब टपकतात. वेलीवर पान नसतं, म्हणजे वरून ओढ नाही. हा मुळांनी खालून दिलेला दाब. इंग्लंडच्या स्टीफन हेल्सने द्राक्षवेलीच्या कापलेल्या खुंटाला काचेची नळी जोडून हाच दाब मोजला आणि 1727 मध्ये छापला. बागेपर्यंत जाणं जमत नसेल तर सकाळी कुंडीतल्या अळूच्या पानाचं टोक बघा. तिथे लोंबणारा थेंब दवाचा असेलच असं नाही, बऱ्याचदा तो अळूनेच रात्री बाहेर टाकलेला असतो, मुळांच्या त्याच दाबाने. हा दाब दिवसा, पानं भरात असताना, ओढीच्या मानाने किरकोळ ठरतो. परीक्षकांनी खोदून विचारलं तर मुलीला एवढं सांगता आलं पाहिजे.

प्रदर्शन सकाळी असेल तर तीन पेल्यांचा प्रयोग आदल्या दिवशी सकाळीच लावा, आदल्या रात्री नको. रंगलेल्या दांडीचे आडवे काप ओल्या कापसावर ठेवून डबीतून न्या, नाहीतर वाळून काळे पडतात. सोबत एक ताजी दांडी आणि रंगाचा पेला न्या आणि टेबलावरच नवा प्रयोग सुरू करा. आणि हो, पेल्याखाली जुनं ताट घ्या. खायचा रंग शाळेच्या टेबलक्लॉथवर सांडला तर तो सहजासहजी निघत नाही.