रेडिओची प्रश्नोत्तरे: सेट भंगारात देण्याआधी वाचा

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी सुरू झाली की मिरची-कोकमासोबत लोकांना रेडिओ पण आठवतो आणि मग दरवर्षी तेच प्रश्न. यंदा एकदाच लिहून टाकतो.

देवगड : ऑल इंडिया रेडिओ बंद करून आकाशवाणी काढली का?
एकच आहे ते. १९३६ ला ऑल इंडिया रेडिओ नाव पडलं, पन्नासच्या दशकात आकाशवाणी आलं, आणि २०२३ पासून इंग्रजी बातम्यांतही आकाशवाणीच म्हणतात.

गुहागर : आजोबांचं रेडिओ लायसनचं पुस्तक सापडलं. अजून लायसन लागतं?
नाही. ऐंशीच्या दशकातच गेलं ते.

वेंगुर्ला : आकाशवाणीची विविध भारती रेडिओ सिलोनची (श्रीलंकेच्या स्टेशनची) नक्कल करून काढली म्हणतात, खरं का?
अर्धंच खरं. १९५२ ला नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर, म्हणजे आपलेच मराठी माणूस, त्यांना सिनेमाची गाणी अजिबात खपायची नाहीत, आकाशवाणीवरून ती जवळजवळ गायबच झाली आणि लोकांनी सरळ काटा फिरवून सिलोन लावलं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. जाहिराती त्यावर १९६७ ला आल्या.

श्रीवर्धन : मुंबई केंद्र दिवसा खरखरतं, रात्री मात्र कुठली कुठली स्टेशनं लागतात. भावोजी म्हणतात सेटमध्ये पाणी गेलंय.
भावोजींना सेट उघडायला देऊ नका. मुंबई केंद्र तुम्ही ऐकता ते मिडियम वेव्हवर. दिवसा या मिडियम वेव्हच्या लाटा वर गेल्या की हवेतला एक थर त्यांना गिळतो, रात्री तो थर विरतो आणि लाटा वरून आपटून लांबवर खाली येतात, म्हणून परमुलखातली स्टेशनं. खरखर बहुतेक तुमच्याच घरातली असणार, एलईडी बल्ब नाहीतर मोबाईलचा चार्जर. मेन स्विच बंद करा, सेलवर लावून खळ्यात जा आणि सेटच हळूहळू फिरवा, कारण मिडियम वेव्हला ती बाहेर ओढायची दांडी कामाची नसते, आतली फेराइटची कांडी हाच तिचा अँटेना आणि तीच दिशा धरते. तरी खरखरला तर मेकॅनिककडे न्या.

दापोली : दुकानदार म्हणतो मिडियम वेव्ह बंद होणार, जुना सेट एक्सचेंजमध्ये देऊन डिजिटल घ्या. घेऊ का?
थांबा जरा! आकडे लाल दिव्यात दिसले म्हणून रेडिओ डिजिटल होत नाही, तो नुसता डिस्प्ले. आकाशवाणीने बऱ्याच मिडियम वेव्ह ट्रान्समीटरवर डीआरएम नावाची डिजिटल पद्धत आणली हे खरं, पण त्याला वेगळा सेट लागतो, काही नव्या गाड्यांत तो असतो, आपल्या बाजारात सहसा नाही. केंद्र नुसतं डिजिटल चालू ठेवतं तेव्हा साध्या सेटवर फक्त सूं आवाज येतो, लोकांना वाटतं सेट मेला, आणि दुकानदाराचं फावतं. काही ट्रान्समीटर बंद झाले हेही खरं, नागपूरहून रात्रभर चालणारं नॅशनल चॅनल गेलंच. पण म्हणून सेट फुकायचा? एफएम सरळ रेषेत जातं, मध्ये डोंगर आला की संपलं, आणि आपल्याकडे डोंगर सोडून आहे काय. "अॅप आहे की" म्हणणाऱ्यांनी ३ जून २०२० आठवावा, निसर्ग वादळ आलं, लाइट गेली, मग मोबाईलचे टॉवरही गेले, कुठे कुठे कित्येक दिवस. त्या वेळी माझ्या पडवीतला दोन सेलवाला सेट शेजारची पाच घरं मिळून ऐकत होती. तोच सेट पुढच्या वर्षी मुका झाला, उघडला तर स्प्रिंगला हिरवा काट, खाऱ्या हवेत सेल आतच ठेवले होते, चूक माझीच. पॉलिश पेपरने घासला, चालू. तेव्हा सेल बाहेर काढून डब्यात ठेवा, महिन्याला एकदा लावून बघा, आणि तुमच्या भागात कुठलं प्रसारण कशावर चालू आहे ते जवळच्या आकाशवाणी केंद्राच्या इंजिनीअरिंग विभागाला विचारा, दुकानदाराला नाही.

हर्णै : खाजगी एफएमवाले स्वतःच्या बातम्या का देत नाहीत?
परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावू शकतात.

मालवण : होडी काढायच्या आधी रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐकला तर पुरे ना?
नाही. मत्स्य खात्यात नाहीतर बंदर खात्यात विचारा. आणि बंदरावर तीन नंबरचा (धोक्याच्या इशाऱ्याचा) बावटा लागला असेल तर रेडिओ घरी बसून ऐका.