पावडर बंद केली तर पिल्लं जगतील का?

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. गावी, मुरबाडजवळ, धाकटा भाऊ तीन हजार ब्रॉयलर पक्ष्यांची शेड सांभाळतो. पिल्लं आली की पहिले पाच दिवस पाण्यातून अँटिबायोटिकची पावडर, मध्ये कुठे शिंका ऐकू आल्या की पुन्हा, आणि माल उचलायच्या आठवड्यात 'सेफ्टी' म्हणून एकदा, असं वर्षानुवर्षं चाललंय. औषधवाला म्हणतो, सगळेच देतात. माझी मुलगी नर्सिंग करते, ती म्हणते हे थांबवा. भाऊ म्हणतो, मर वाढली तर कर्जाचा हप्ता कोण भरणार? कोणाचं ऐकू?

उत्तर : दादा, मुलीचं ऐका. भावाची भीतीही खोटी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी शेवटच्या आठवड्यातली पावडर बंद करा, अगदी या बॅचपासून. आजारी नसलेल्या पक्ष्याला विक्रीच्या तोंडावर औषध देण्याला काहीही आधार नाही. पाकीट उलटून बघा. औषध थांबवल्यावर किती दिवसांनी पक्षी कापायला द्यायचा, ते त्यावर लिहिलेलं असायला हवं. लिहिलेलं नसेल तर आपल्या नियमांप्रमाणे मांसासाठी किमान 28 दिवस आणि अंड्यांसाठी 7 दिवस थांबावं लागतं. आता हिशेब करा. तुमचा पक्षी चाळिसाव्या दिवशी गाडीत चढतो, म्हणजे असं औषध बाराव्या दिवसानंतर देताच येत नाही. तुम्ही ते पस्तिसाव्या दिवशी देताय, आणि तो पक्षी पाच-सहा दिवसांत भांडुपच्या नाहीतर परळच्या दुकानात पोचतो.

पाकिटावर कोलिस्टिन हे नाव दिसलं तर ते घरातही ठेवू नका. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि खाद्यात त्याच्या वापरावर केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये बंदी घातली. बाकी सगळी औषधं हरली की आयसीयूतल्या रुग्णासाठी हेच उरतं, तुमच्या मुलीला विचारा. एन्रोफ्लॉक्सासिनचंही माणसांच्या औषधाशी नातं आहे. कोंबडीच्या शरीरात त्यातल्या काही भागाचं सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, म्हणजे माणसांना देतात तेच. अमेरिकेने कोंबड्यांत त्याचा वापर 2005 सालीच थांबवला.

आता पहिल्या पाच दिवसांकडे येऊ, कारण भावाचा जीव तिथे अडकलाय. पिल्लं पहिल्या आठवड्यात मरतात ती बहुतेक थंडीने, ओलीने, बेंबीच्या संसर्गाने आणि वेळेवर पाणी न मिळाल्याने. ब्रुडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली, पिल्लं एकावर एक चढून बसली असतील तर त्यांना गारठा लागतोय, भिंतीकडे पळाली असतील तर उकडतंय, आणि सगळीकडे सारखी पसरली असतील तर ठीक आहे. पिल्लं उतरवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वीसेक पिल्लं हातात घ्या आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटाने चाचपा. ती मऊ आणि भरलेली लागली पाहिजे. रिकामी लागली तर खाद्य-पाणी त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही, आणि त्यावर कुठलीही पावडर चालत नाही.

मुरबाडचा पाऊस मी पाहिलाय. झड येते म्हणून पडदे घट्ट लावले जातात, तूस भिजतं, खाली अमोनिया साठतो, त्याने श्वासनलिका सोलवटते आणि मग ई-कोलाय हा जंतू आत शिरतो. शेडमध्ये उभं राहून वास घेऊ नका, उकिडवं बसा आणि पक्ष्याच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर वरून पडदा उघडा, हवा खेळू द्या. तूस मुठीत दाबा. गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे. उलथवा, चुना मिसळा, पाणी प्यायचे गळके निपल बदला. पाण्याची टाकी आणि पाइप दोन बॅचच्या मध्ये धुवा, रोजच्या पाण्यात क्लोरीन ठेवा, मात्र लस पाजायच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी ते बंद. मानमोडी आणि गमबोरो हे विषाणूंचे आजार आहेत. त्यांना अँटिबायोटिक लागूच पडत नाही, लस वेळेवर पडावी लागते. या गोष्टी एका बॅचला नीट करून दाखवा, मग पुढच्या बॅचला सुरुवातीची पावडर बंद करा. भावाला तोंडी पटवण्यापेक्षा रोजच्या मरचा आकडा वहीत लिहून दोन्ही बॅच शेजारी ठेवा.

शिंका आल्याच तर? औषध सुरू करायच्या आधी दोन-तीन ताजे मेलेले पक्षी बर्फात ठेवून (गोठवून नव्हे) पशुवैद्यकाकडे न्या. यकृतावर पांढरट पापुद्रा आणि हवेच्या पिशव्यांत पिवळा थर दिसला तर ई-कोलायचा संशय येतो. पण कोणतं औषध चालेल ते कल्चर केल्यावरच, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून तपासल्यावरच कळतं. मग चिठ्ठीवर लिहिलेलं एकच औषध, पूर्ण मात्रेत, पूर्ण दिवस द्या. आजारी पक्ष्याला औषध नाकारणं हाही अन्यायच आहे, आणि तसं मी कधीच सांगणार नाही. अर्धी मात्रा देऊन मध्येच थांबवणं सर्वांत वाईट, कारण त्यात चिवट जंतू तेवढे मागे उरतात. ते तुसाबरोबर खत म्हणून शेतात जातात आणि भावाच्या हातांवरून घरातही.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये बऱ्याच औषधांपुढे 'आर', म्हणजे जंतू त्या औषधाला जुमानत नाही, असं आलंय. चिकनमुळे झालं का? खाणं सोडू का? (वाचक, लालबाग)

उत्तर : ताई, एका मुलाच्या रिपोर्टवरून बोट चिकनकडे दाखवता येत नाही. माणसांची औषधंही आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतात, अर्धवट घेतली जातात, आणि असे जंतू माणसाकडून माणसाकडेही जातात. त्याचा उपचार त्या रिपोर्टप्रमाणे डॉक्टर करतील.

चिकन सोडायची गरज नाही. नीट शिजलं की जंतू मरतात, औषधाला न जुमानणारेही. औषधाचा अंश मात्र शिजवून पूर्ण जाईलच असं नाही, म्हणून वरच्या प्रश्नातल्या दादांना एवढं विनवलं. तुमच्या स्वयंपाकघरात खरा धोका कच्च्या चिकनचा. ते नळाखाली धुवू नका, शिंतोडे ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात. त्याची सुरी आणि पाट वेगळा ठेवा, कोशिंबिरीची काकडी त्यावर चिरू नका. पिशवी फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि मसाला लावून झाल्यावर मुलाला जवळ घ्यायच्या आधी हात साबणाने धुवा.